परदेशाची शिदोरी

परदेशीं निघालेल्या माणसाची तयारी म्हटली कीं पेटी, कपडे आणि फराळाचे डबे एवढेंच चित्र बहुधा आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. गेल्या दोन महिन्यांत पिंपळगांव बसवंत येथील आमच्या घरांत ही तयारी मीं जवळून पाहिली, आणि पेटीचा भाग तिच्यांत सर्वांत सोपा असतो असें माझें मत झालें. म्हणून या महिन्याचें पान त्या विषयास देत आहें.

माझी धाकटी जाऊ येथील एका शाळेंत चौथीचा वर्ग शिकविते. शिक्षकांच्या एका गटाबरोबर सिंगापूरच्या शाळा पाहावयास जाण्यासाठीं तिची निवड झाल्याचें कळलें, त्या दिवशीं घरांत पेढे वांटले गेले. परंतु दौऱ्याचा आठवडा आणि सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा दिवस नेमके एकत्र आले. जाऊबाई कांहीं बोलली नाहीं. चार दिवसांनीं टेबल आवरतांना तिनें लिहून ठेवलेलें नकाराचें पत्र माझ्या दृष्टीस पडलें. तें मीं सासूबाईंस वाचून दाखविलें. त्यांनीं तिला हाक मारली व म्हणाल्या, "अगं, डोळा माझा आहे. डॉक्टरांना विचारून शस्त्रक्रिया महिनाभर पुढें ढकलतां येईल. तुझी जागा मात्र कोणी रिकामी ठेवणार नाहीं. आणि हें पत्र लिहिण्यापूर्वी मला एका शब्दानें विचारावें, असें तुला कां वाटलें नाहीं?"

डॉक्टरांनीं महिनाभर थांबण्यास हरकत घेतली नाहीं, आणि प्रश्न मिटला. एकत्र कुटुंबांत आपण एकमेकांसाठीं पुष्कळ सोडतों, ही आपली थोरवीच आहे. पण कित्येकदां आपण जें सोडतों तें कोणीं मागितलेलेंच नसतें. परदेशाची तयारी घरांतल्या अशा मोकळ्या बोलण्यापासून सुरू व्हावी.

त्यानंतर कागदपत्रें. जाऊबाईच्या पारपत्रावर माहेरचें नांव आणि शाळेच्या सेवापुस्तकांत सासरचें. सर्व कागदांवर नांव एकच असावें, म्हणून नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रांत दोन खेपा पडल्या. आपल्या घरांतील सुनांनीं हें काम निवड होण्याची वाट न पाहतां उरकून ठेवावें. परत येण्याच्या दिवसापुढें निदान सहा महिने पारपत्राची मुदत शिल्लक आहे ना, तें पाहावें. शाळेची लेखी परवानगी, व्हिसा आणि प्रवासाचा विमा हे ओघानें आलेच. सिंगापुरास उतरण्यापूर्वी तीन दिवसांच्या आंत आगमनाची माहिती संगणकावर भरून द्यावी लागते. तें काम आमच्या पुतण्यानें अंगावर घेतलें आहे.

फराळाची गोष्ट अधिक मौजेची झाली. सासूबाईंनीं मोठ्या हौसेनें अनारशांचा डबा भरला होता. नियम वाचतांना असें आढळलें कीं खसखस ही अफूच्या बोंडांतील बी असल्यामुळें सिंगापुरांत ती नेण्यास बंदी आहे! अनारसे घरींच राहिले. मुलांची चंगळ झाली. त्यांच्या जागीं चिवडा आणि शंकरपाळे गेले. चघळण्याच्या गोंदाच्या विक्रीवर व आयातीवरही तेथें १९९२ पासून निर्बंध आहेत. नेहमींचीं औषधें न्यावयाचीं तर डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असावी.

पण खरी शिदोरी निराळीच. अण्णासाहेब कर्वे १९२९ सालीं, वयाची सत्तरी उलटल्यावर, युरोप, अमेरिका व जपानच्या प्रवासास निघाले. परंतु जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हातीं त्यापूर्वीं कित्येक वर्षे आली होती, आणि १९१६ सालीं त्यांनीं महिला विद्यापीठ स्थापिलेंही होतें. दुसऱ्या देशाकडून काय घ्यावयाचें, हें त्यांस बोटीवर पाऊल ठेवण्यापूर्वींच ठाऊक होतें. त्यांच्या मेव्हणी पार्वतीबाई आठवले १९१८ सालीं संस्थेच्या कार्यासाठीं अमेरिकेस गेल्या. परक्या घरीं घरकाम करीत त्या राहिल्या, पण कार्य विसरल्या नाहींत. पंडिता रमाबाईंनीं अमेरिकेंत बालोद्यान-पद्धतीचा अभ्यास केला, आणि १८८९ सालीं परत येतांच मुंबईस शारदा सदन उघडलें. या तिघांनींही प्रश्न येथून नेला आणि उत्तर तेथें शोधलें.

आजचे दौरे थोड्या दिवसांचे असतात. पंजाब सरकारनें २०२३ च्या फेब्रुवारींत ३६ मुख्याध्यापक सिंगापुरास पाठविले, आणि २०२४ सालीं ७२ प्राथमिक शिक्षक फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठांत धाडले. एवढ्या थोड्या दिवसांत प्रश्न बरोबर नसेल, तर माणूस उंच इमारतींचीं छायाचित्रें घेऊन परत येतो.

जाऊबाईचा प्रश्न कोणता? आमच्या भागांत द्राक्षांचा हंगाम सुरू झाला कीं पेठ-सुरगाण्याकडून मजूर कुटुंबें येतात. त्यांचीं मुलें वर्षाच्या मध्यावर वर्गांत येतात आणि हंगाम संपतांच निघून जातात. वाचन मागें पडलेलें असें मूल इतर मुलांबरोबर कसें न्यावें, हा तिला वर्षानुवर्षे छळणारा प्रश्न आहे. तिनें वहीच्या पहिल्या पानावर तोच लिहिला. मग तिनें शोध घेतला. सिंगापुरांत पहिलीच्या प्रारंभींच इंग्रजी वाचनांत मागें असलेलीं मुलें निवडून त्यांस लहान गटांत वेगळें शिकवितात. हा वर्ग तिला प्रत्यक्ष पाहावयाचा आहे. पहिली-दुसरीच्या गुणांकित परीक्षा तेथें २०१९ पासून बंद झाल्या. मग मुलाची प्रगति आईबापांस कशी कळवितात, हा तिचा दुसरा प्रश्न. तेथील शिक्षकास वर्षांत शंभर तासांपर्यंत स्वतःच्या शिक्षणासाठीं मिळतात. त्या वेळीं त्याचा वर्ग कोण सांभाळतो, हा तिसरा. तेथें तिसरीपासून पुढें एका वर्गांत चाळीसपर्यंत मुलें असतात. म्हणून "त्यांचीं मुलें थोडीं, आपलीं फार" ही आपली नेहमींची सबब तेथें चालणार नाहीं, असें तीच हंसून म्हणते.

तिन्ही प्रश्न तिनें गटप्रमुखांस अगोदरच कळविले आहेत, म्हणजे यजमान शाळेसही तयारी करतां येईल. आपणही सांगण्यासारखें कांहीं न्यावें, म्हणून तिनें वर्गांतील मुलांकडून द्राक्षबागेचीं चित्रें काढून घेतलीं आणि प्रत्येकाखालीं दोन ओळी लिहविल्या. पाहुण्यानें रिकाम्या हातीं जाऊं नये, ही आपलीच रीत आहे.

घरची व्यवस्था अशी ठरली : तिच्या मुलीचा अभ्यास मी घेणार, सकाळचे डबे दीर आणि मामंजी मिळून करणार. मामंजींनीं आयुष्यांत प्रथमच पोळी लाटण्याचा सराव आरंभिला आहे. आकार अजून नकाशासारखा येतो. सिंगापूरचें घड्याळ आपल्या अडीच तास पुढें. तेथें रात्रीचे साडेदहा म्हणजे येथें आठ. तेव्हां जेवणापूर्वी रोज बोलावयाचें, आणि बोलणें दहा मिनिटांत आटोपावयाचें, म्हणजे तिला दिवसाची टिपणें लिहावयास वेळ उरेल.

सासूबाईंनीं मात्र एक अट घातली आहे. परत आल्यावर पहिलें व्याख्यान शाळेंत नव्हे, घरांत व्हावयाचें, आणि तेंही त्यांची पट्टी सुटल्यानंतर. "छायाचित्रें मला स्वच्छ दिसलीं पाहिजेत," असें त्या म्हणतात. जाऊबाई पुढील आठवड्यांत निघत आहे. पेटी अजून अर्धी रिकामी आहे. वहीचीं पहिलीं तीन पानें मात्र भरलीं आहेत.