खुराड्यातली उतरंड

आमच्या बेळगावच्या परड्यात सध्या सहा तलंगा आणि दोन कोवळे कोंबडे आहेत. पिल्लं असताना सगळी सारखीच दिसायची. आता मानेवरची पिसं बघा: कोंबड्याची टोकदार, लकाकती, तलंगेची गोलसर. तुराही त्याचाच आधी लाल होतो.

राज्य कुणाचं, हे मात्र आरवण्यावरून ठरवू नका. माद्यांची आपापसांत वेगळी उतरंड असते; दाण्यापाशी कुणी कुणाला टोचायचं, हे ठरलेलं. नॉर्वेच्या थोर्लाइफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी १९२१ साली ते शास्त्रात मांडलं. आमच्या आजीला ते न वाचताच ठाऊक होतं!

चांगला कोंबडा किडा सापडला की बऱ्याचदा स्वतः खात नाही. कुकुक करत उचलतो, टाकतो, माद्यांना बोलावतो. वर घार दिसली तर एक आवाज, जमिनीवरून मांजर आलं तर दुसरा.

सहा जणींना एकच कोंबडा पुरे. दोघे ठेवले तर झुंजतील, तलंगांच्या पाठीची पिसंही झडतील. मुलांना मोठ्या तुऱ्याचा हवाय. मी दुसऱ्याच्या बाजूची. परवा घार आली तेव्हा तोच आधी ओरडला. रविवारी ठरवायचंय. उरलेल्याचं काय करणार, हे मुलांनी अजून विचारलेलं नाही.