वकील व्हायचंय, मग अकरावीला काय घ्यायचं?

दहावीचा निकाल लागला आणि मुलाने किंवा मुलीने ‘मला वकील व्हायचंय’ म्हटलं, की घरात ठरलेला सल्ला मिळतो: “मग आर्ट्स घे. राज्यशास्त्र, इतिहास पुढे कामाला येईल आणि गणिताची कटकटही सुटेल.” दुसरीकडून एखादा काका सांगतो, “सायन्सच घे, नंतर कुठेही वळता येतं.” मला हे दोन्ही सल्ले चुकीचे वाटतात. त्यातही पहिला अधिक घातक, कारण तो गणित सोडायला शिकवतो.

आधी नियम पाहू. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कायदा अभ्यासक्रमाला बार कौन्सिलने शाखेची अट घातलेली नाही. कला, वाणिज्य, विज्ञान, कोणत्याही शाखेतून खुल्या गटासाठी बारावीला 45 टक्के गुण लागतात. राष्ट्रीय विधि विद्यापीठांच्या ‘क्लॅट’मध्ये 120 प्रश्न असतात आणि ते बहुतांशी उतारे वाचून सोडवायचे असतात. त्यात दहावीच्या पातळीच्या गणिताचा स्वतंत्र विभाग आहे. आपल्या राज्याच्या पाच वर्षांच्या विधि सीईटीतही प्राथमिक गणित आहे. म्हणजे ज्या विषयातून सुटका झाली असं वाटतं, तोच प्रवेशाच्या दारात भेटतो.

आर्ट्सच्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. विज्ञान शाखेत प्रात्यक्षिकं आणि क्लास यांतच दिवस जातो, वाचनाला सवड उरत नाही. ज्याला भौतिकशास्त्राची गोडी नाही, त्याने केवळ ‘दारं उघडी राहावीत’ म्हणून तिकडे जाऊ नये. पण राज्यशास्त्र घेतलं की कायदा सोपा जातो, हे मला पटत नाही. बी.ए. एलएल.बी.ला राज्यशास्त्र पहिल्यापासून शिकवतात. बारावीपर्यंत ज्याने ते घेतलेलं नाही, तो तिथे मागे पडत नाही. आकडेमोड आणि भाषा मात्र विधि महाविद्यालयात कोणी पायापासून शिकवत नाही.

आकडेमोड म्हणजे काय, ते मोटार अपघाताच्या दाव्यात बघा. समजा, 32 वर्षांचा, स्वतःचं दुकान चालवणारा माणूस अपघातात गेला. महिन्याची कमाई 15,000 रुपये. मागे बायको, दोन मुलं आणि आई. सर्वोच्च न्यायालयाने ‘सरला वर्मा’ (2009) आणि ‘प्रणय सेठी’ (2017) या निकालांत भरपाई मोजण्याची रीत घालून दिली आहे. भावी कमाईसाठी 40 टक्के वाढ धरली की 21,000. अवलंबून असलेली माणसं चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा: 15,750. वर्षाचे 1,89,000. वयानुसार गुणक 16. एकूण 30,24,000 रुपये, इतर ठरावीक रकमा वेगळ्या. आता वकिलाने चौथ्याऐवजी तिसरा हिस्सा वजा केला आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नाही, तर त्या बाईचे 3,36,000 रुपये गेले. इथे चूक वकिलाची आणि किंमत मोजणार ती विधवा, म्हणून हा विषय मला जिव्हाळ्याचा वाटतो.

जमिनीच्या दाव्यांतही तेच. जुन्या खरेदीखतात क्षेत्र एकर-गुंठ्यांत, सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये. मेळ घालता आला नाही तर वकील कारकुनाच्या तोंडाकडे बघत राहतो.

आणि गणित हे वकिलाला परकं कधीच नव्हतं. लोकमान्य टिळकांनी गणित घेऊन बी.ए. केलं आणि 1879 साली एलएल.बी. झाले. माजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड कायद्याकडे वळण्याआधी अर्थशास्त्र आणि गणित शिकले होते. राज्य मंडळाच्या गणिताच्या एका पुस्तकाच्या नावातच ‘कला व विज्ञान’ असं आहे. कलेच्या विद्यार्थ्याला गणित घेता येतं. पण ते शिकवणारी कला महाविद्यालयं शोधावी लागतात, ही खेदाची गोष्ट आहे.

आता भाषा. गुण जास्त पडतात म्हणून अकरावीला मराठी सोडून आयटी घेण्याची चाल विज्ञान-वाणिज्यात चांगलीच रुळली आहे. इंजिनिअर होणाऱ्याचं त्यात काय बिघडतं, यावर मी बोलत नाही. वकील होणाऱ्याचं मात्र नक्की बिघडतं. महाराष्ट्रातल्या तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. फिर्याद, पंचनामा, साक्षीदाराचा जबाब, मृत्युपत्र, फेरफार सगळं मराठीत. उच्च न्यायालयात कामकाज इंग्रजीत चालतं, म्हणून इंग्रजीही तितकीच पक्की हवी. पण तिथे पोचणारं प्रकरण बहुतेक वेळा खालच्या कोर्टातल्या मराठी कागदांवरच उभं असतं. ज्याला तो जबाब बारकाईने वाचता येत नाही, तो उलटतपासणी कसली घेणार?

विज्ञानाची आवड असलेल्या मुलांनाही इथे जागा आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद केली आहे. त्या अहवालावर प्रश्न विचारणाऱ्याला रसायन आणि जीवशास्त्राची जाण असली तर अशिलाचं भलंच होईल. आर्थिक गुन्ह्यांत हिशेबाची वही वाचणारा वाणिज्यचा विद्यार्थी असाच उपयोगी ठरतो.

तेव्हा पालकांनो, अकरावीचा फॉर्म भरताना शाखा मुलांच्या आवडीवर सोडा. मात्र कोणत्याही शाखेत गणित ठेवता येत असेल तर ठेवा, आणि चार गुणांसाठी मराठी सोडू देऊ नका.