वेबसाइट एका क्लिकवर, पण किल्ल्या कोणाकडे?

मोर्शी-वरुड पट्ट्यातला संत्रा बागायतदार कलमे बहुधा रोपवाटिकेतूनच आणतो. घरी डोळे भरत बसत नाही. तरी खुंट जंभेरीचा की रंगपूरचा, हे विचारून घेतो. संत्रा विकण्यासाठी वेबसाइट काढतानाही हीच चौकशी हवी.

२००३ मध्ये आलेले वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. ते बसवण्याचे मार्ग दोन. होस्टिंगच्या पॅनलमध्ये सॉफ्टॅक्युलससारखी सोय असेल, तर बटण दाबताच फाइल्स आणि डेटाबेस आपोआप तयार होतात. हाताने बसवायचे तर फाइल्स सर्व्हरवर चढवणे, डेटाबेस उघडणे, त्याचा पासवर्ड कॉन्फिग फाइलमध्ये लिहिणे ही कामे स्वतः करावी लागतात.

छोट्या व्यावसायिकाने बटणाचाच मार्ग धरावा. हाताने बसवले म्हणजे साइट अधिक सुरक्षित, हा गैरसमज आहे. सुरक्षा टिकते ती वेळेवर केलेल्या अपडेटमुळे. संगणक शिकणाऱ्या मुलांनी मात्र एकदा तरी हाताने बसवून पाहावे. बिघाड कुठे शोधायचा, हे त्यातूनच कळते.

मार्ग कोणताही असो, डोमेन, होस्टिंग आणि अ‍ॅडमिन खाते मालकाच्याच ईमेल व मोबाइलवर असावे. बॅकअपची एक प्रत होस्टिंगबाहेर ठेवावी. आंबिया बहाराच्या तोडणीत साइट बंद पडली आणि पासवर्ड बसवून देणाऱ्याकडेच राहिला, तर ग्राहक थांबत नाही आणि तोडलेला मालही टिकत नाही.