गाडी कोणासाठी थांबते?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली, हे तुम्ही इतिहासात वाचले आहे. १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. वाटेत पारसिकचा डोंगर होता, म्हणून त्याला वळसा घालून मार्ग मुंब्र्यावरून नेला. १९१६ साली डोंगरातून सुमारे १.३ किलोमीटरचा बोगदा खुला झाला. जलद गाड्या सरळ धावू लागल्या आणि कळवा-मुंब्रा बाजूला पडले.

तेव्हा इथे वस्ती थोडी होती. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतील अनेक कुटुंबे मुंब्रा-कौशात येऊन राहिली. तुमच्यापैकी काहींचे आजी-आजोबा त्यांत असतील. माणसे वाढली, त्या मानाने गाड्यांचे थांबे वाढले नाहीत. दिव्याला जलद लोकलचा थांबा २०१६ मध्ये मिळाला. मुंब्रा आणि कळव्याला गर्दीच्या वेळच्या मोजक्या जलद गाड्या थांबू लागल्या त्या ऑक्टोबर २०२४ पासून.

कर्जत-कसाऱ्याचा प्रवासी म्हणेल, "सगळीकडे थांबली तर ती जलद गाडी कसली?" त्याचे म्हणणे मला पटते. तोही पहाटे उठून निघतो. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल शेजारून जाताना दारात लोंबकळणारे प्रवासी खाली पडले. त्यांतले चार जण त्याच दिवशी दगावले. मेलेल्यांत कल्याणच्या बाजूचेही लोक होते. तेव्हा भांडण प्रवाशा-प्रवाशात नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. ज्याच्या दारावरून रस्ता जातो, त्याला कोणी विचारते का? डोंगराच्या कडेने गेलेला मुंब्रा बाह्यवळण रस्ता बघा. उरणजवळच्या बंदरातून निघालेले मोठमोठे कंटेनर त्यावरून भिवंडी, नाशिक, गुजरातकडे जातात. माल पुढे जातो आणि डिझेलचा धूर इथल्या खिडक्यांवर बसतो. २०१८ मध्ये दुरुस्तीसाठी हा रस्ता काही महिने बंद ठेवला, तेव्हा ऐरोली-ठाण्यापर्यंत वाहनांची कोंडी झाली आणि वर्तमानपत्रांनी रकाने भरले. आपण तो त्रास रोजच सोसतो, त्याची बातमी होत नाही.

मागे मी वर्गात "शाळेची वाट" या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. मुलांनी ट्रक आणि फेरीवाले यांच्याविषयी लिहिले. एका मुलीने लिहिले, "मी घरून निघताना पाणी पीत नाही. वाटेत स्वच्छ शौचालय नाही." वही तपासताना माझे पेन थांबले. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, पण त्या दिवशी मी त्यांवर खुणा केल्या नाहीत. उड्डाणपुलाच्या नकाशात तिची अडचण कोण दाखवणार?

महाराष्ट्रात १९६६ चा नगररचना कायदा आहे. त्यानुसार शहराची प्रारूप विकास योजना जाहीर होते. रस्ता, मैदान, दवाखाना, शौचालय कोठे असावे, हे तीत असते. तिच्यावर कोणीही नागरिक ठरावीक मुदतीत 'हरकती व सूचना' देऊ शकतो. सूचना मराठीत निघते. आपल्या मोहल्ल्यात ती वाचणारे थोडे, म्हणून मुदत निघून जाते. नंतर आपण चहाच्या टपरीवर रागावतो.

हा शब्द मी फळ्यावर लिहिला, तेव्हा वर्ग हसला. एकाने विचारले, "सर, हरकत म्हणजे हालचाल ना?" उर्दूत हो. मराठीत हरकत म्हणजे आक्षेप. मग त्याने वहीत दोन्ही अर्थ लिहून घेतले आणि विचारले, "अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा?"