एका 'ए'ची शिल्लक

आमच्या इमारतीत भांडणं होतात ती पाण्यावरून, पार्किंगवरून आणि जिन्यातल्या चपलांवरून. पण वरच्या मजल्यावरच्या प्राध्यापकांशी माझं जे भांडण गेल्या दिवाळीत जुंपलं आणि अजून मिटलेलं नाही, ते डॅनिश भाषेतल्या एका 'ए'वरून. (हा ए म्हणजे आपल्या इंग्रजी बाराखडीतला ई. डॅनिश लोक त्याला ए म्हणतात. त्यांचं अक्षर, त्यांची मर्जी.)

मी बी.कॉम. आहे आणि बँकेत काउंटरवर बसतो. माझा आणि डॅनिश व्याकरणाचा संबंध काय, हे तुम्ही विचारण्याआधी बायकोने विचारून झालेलं आहे. संबंध एवढाच, की माझी धाकटी बहीण डेन्मार्कमध्ये ओडेन्सला असते. तिथलं नागरिकत्व हवं तर भाषेची परीक्षा द्यावी लागते, आणि ही बया रविवारी फोनवर माझ्यापुढे उजळणी करते. ऐकणाऱ्याला भाषा येत नसली की चुका निघत नाहीत, हा तिचा हिशेब. तेवढ्या उजळणीत मलाही चार शब्द येऊन गेले. दिवाळीच्या फराळाला प्राध्यापक आले असताना मी ते वापरले, ही चूक माझी.

प्रकरण असं आहे. घर या अर्थी डॅनिशमध्ये शब्द आहे 'येम'. लिहिताना आधी एक एच घालतात, पण तो फक्त हजेरीपटावर, बोलताना गैरहजर. मी घरी जातो म्हणायचं तर 'येम'. पण मी घरी आहे म्हणायचं तर 'येमं'; शेवटी तो ए लावायचा. (उच्चार मराठीसारखाच करावा. आपण 'कुठे' लिहितो आणि 'कुठं' म्हणतो, त्यातला प्रकार.) बाहेर जायचं तर 'ऊद', बाहेर असलो तर 'ऊदं'. आत जायचं तर 'इन', आत असलो तर 'इनं'. खाली उतरताना 'नेद', खाली पोचल्यावर 'नेदं'. वर चढताना 'ऑप', चढून झाल्यावर 'ऑपं'. अशा दहाएक जोड्या आहेत. चालू असेपर्यंत शब्द आखूड, पोचून टेकलात की त्याला एक ए बसायला पाट म्हणून मिळतो.

आता 'वर'साठी दोन शब्द कुणाला लागावेत? ज्या देशातली सर्वांत उंच नैसर्गिक टेकडी १७१ मीटर आहे, त्यांना! आमचा सिंहगड समुद्रसपाटीपासून १,३०० मीटर, आणि आम्ही चढतानाही 'वर' आणि पिठलं-भाकरी खातानाही 'वर'.

"निव्वळ अडगळ!" प्राध्यापक चकली मोडत म्हणाले. "अहो बँकवाले, क्रियापद कशाला असतं? जातो म्हटलं की जातो, आहे म्हटलं की आहे. मग शब्दाला शेपूट कशाला? प्रगत भाषा असली ओझी टाकून देतात. इंग्रजी बघा."

इंग्रजीत त्यांची हयात गेली म्हणून मी दोन मिनिटं गप्प बसलो. पण त्याच इंग्रजीत एके काळी कुठे आहेस आणि कुठे चाललास याला वेगळे शब्द होते. व्हेअर निराळा, व्हिदर निराळा. हिअर निराळा, हिदर निराळा. ते टाकले म्हणून इंग्रज नेमके कुठे पोचले? आणि शेजारच्या जर्मनांनी अजून टाकलेले नाहीत, त्यांच्या मोटारी काही वाईट चालत नाहीत.

आता क्रियापदाचं. 'मुलं बाहेर पळत होती.' सांगा सर, मुलं घरातून बाहेर पळत होती, की आधीच बाहेर होती आणि तिथे पळत होती? पहिल्या बाबतीत दार लावायला उठलं पाहिजे, दुसऱ्या बाबतीत चहा प्यायला हरकत नाही. क्रियापद एकच आहे आणि ते काही सांगायला तयार नाही. डॅनिश आई 'पोरं बागेत पळाली' हे वाक्य 'ऊद' घालून म्हणाली तर पोरं बागेकडे सुटलेली. 'ऊदं' म्हणाली तर बागेतच हुंदडत आहेत. बाकीचं वाक्य जसंच्या तसं. सगळा मुद्दा त्या ए वर उभा.

शिपाई, ड्रायव्हर आणि कॅशियर यांना हा मुद्दा प्राध्यापकांपेक्षा लवकर कळतो. मी नोकरीत नवा असताना एकदा दुसऱ्या शाखेला दोन लाखांची रोकड रवाना झाली आणि मी ती हातातल्या शिलकीतच धरून बसलो. रात्री साडेनऊपर्यंत चार माणसं टेबलाखाली नोटा शोधत होती. मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी अजून विसरलेलो नाही. शेवटी काय निघालं? पैसे होते, चोरी नव्हती, फक्त ते 'शिल्लक' नव्हते, 'वाटेत' होते. असलेली रोकड आणि निघालेली रोकड यांना दोन खाती लागतात हे मी दोन लाखांची फी भरून शिकलो. डॅनिश माणूस ते आईच्या मांडीवर शिकतो.

आणि हिशेब किती चोख! 'घरून', 'आतून', 'वरून' म्हणायचं झालं की डॅनिशमध्ये 'फ्रा' असा प्रत्यय लागतो, पण तो 'येम'ला लागत नाही, 'येमं'ला लागतो. येमंफ्रा, घरून. 'इनं'ला लागतो; इनंफ्रा, आतून. म्हणजे आधी तिथे असलात तरच तिथून निघता येतं. शिल्लक असल्याशिवाय रक्कम काढता येत नाही. याहून बँकिंगचा वेगळा कायदा तो कोणता?

प्राध्यापकांनी पुढचा पत्ता टाकला. त्यांनी म्हणे कुठेसं ऐकलंय, डॅनिश लोक शेवटचा ए गिळूनच टाकतात. मग ऐकणाऱ्याला फरक कसा कळतो? हा प्रश्न मी रविवारी धाकटीला विचारला. ती म्हणाली, "दादा, गिळतात खरं. पण 'येम' म्हणताना घशात एक हलका अडथळा घेतात, उचकी अर्ध्यात दाबावी तसा. 'ऊद'मध्ये, 'इन'मध्ये, 'नेद'मध्ये तसंच. त्याला स्टॉड म्हणतात. 'येमं' म्हणताना तो नसतो, शब्द मऊ लांबतो." म्हणजे ए गेला तरी त्याची जागा राखलेली आहे. निघालेला माणूस ठेच लागल्यासारखा बोलतो आणि पोचलेला पाय पसरून. मी हे प्राध्यापकांना जिन्यात करून दाखवलं, तर त्यांनी मला पाणी आणून दिलं.

"पण मराठीचं काय अडलंय?" हा त्यांचा हुकमी एक्का. मराठीचं अडतं म्हणूनच मराठीनेही थोडी सोय केलेली आहे. 'पुण्याला' जातो आणि 'पुण्यात' असतो. 'इथे' बसतो आणि 'इकडे' येतो. (आपल्या आज्या नवऱ्याला 'इकडून' आणि 'तिकडची स्वारी' म्हणत. नवरा म्हणजे ठिकाण नव्हे, नुसती दिशा, हे त्या काळीही बायकांच्या लक्षात आलं होतं.) पण आपण ही सोय सांभाळली नाही. 'पुण्याला राहतो' म्हणतो, 'इथे ये' म्हणतो. आणि 'बाहेर', 'वर', 'खाली', 'घरी' यांना तर एकच शर्ट दोन्ही पाळ्यांना. एका खातेदाराने मॅनेजरसाहेबांची चौकशी केली, तेव्हा आमचा शिपाई मान खाली घालून फाइल शोधत म्हणाला, "साहेब वर गेले." बिचाऱ्याने टोपी काढली.

डॅनिशमध्ये 'पुढे'चीही जोडी आहे, आणि त्यातला ए-वाला शब्द 'आम्ही पोचलो' या अर्थाने वापरतात. आपल्याकडे 'निघालोय' हे आंघोळीच्या आधी म्हणतात, 'पोचतोच आहे' हे चपला शोधताना.

एवढ्यावर मी हे भांडण सोडूनही दिलं असतं. पण मध्ये एक गोष्ट झाली.

धाकटी तिथे एका वृद्धाश्रमात काम करते. तिथल्या एका आजी मूळच्या जटलंडच्या, आणि ओडेन्स आहे फ्यून बेटावर. पाणी ओलांडून पलीकडे जायला आणि पलीकडे असायला डॅनिशमध्ये पुन्हा एक जोडी आहेच. नाहीतर बेटांच्या देशात गप्पा कशा व्हायच्या? कोपनहेगनचं बेट आणि फ्यून यांच्यामधली सुमारे १८ किलोमीटरची सामुद्रधुनी ओलांडायला १९९७ साली रेल्वे सुरू झाली आणि १९९८ साली मोटारी. त्याआधी बोटच होती. तर या आजींना आठवण राहत नाही. रोज चार वाजले, खिडकीत अंधारून आलं की त्या पर्स उचलतात आणि म्हणतात, "याय विल येम." मला घरी जायचंय. धाकटी नवी होती, व्याकरण ताजं होतं. तिने प्रेमाने सांगितलं, "दू एर यो येमं." तुम्ही घरीच आहात की. एकही चूक नाही. परीक्षेत पैकीच्या पैकी. आजींनी कॉफीचा कप ढकलून दिला.

तिथल्या जुन्या बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "त्या 'येम' म्हणतायत. तू 'येमं'चं उत्तर दिलंस. त्यांनी कुठे आहे ते विचारलंच नव्हतं." मग धाकटी दुसऱ्या दिवशी नुसतं विचारू लागली, घरी काय काय आहे? आजी चुलीबद्दल, कोंबड्यांबद्दल, समुद्रावरच्या वाऱ्याबद्दल सांगत बसल्या आणि पर्स आपोआप खाली गेली.

हे ऐकून मी फोन ठेवला आणि आमच्या हॉलकडे पाहिलं. तीन वर्षांपूर्वी आम्ही आईला वाईहून इथे आणलं. घाटाजवळचं ते घर आता दुसऱ्या कुणाचं आहे. आईही दिवेलागणीला पदर सारखा करते आणि म्हणते, "अरे, घरी कधी जायचं?" आणि मी तीन वर्षं रोज, माझ्या मते अत्यंत शांतपणे, सांगत आलोय, "आई, आपण घरीच आहोत." ती माझ्याकडे खोटारड्याकडे पाहावं तसं पाहते. तिचं वाक्य खरं आणि माझंही खरं, पण शब्द दोघांनाही एकच, त्यामुळे दोघांपैकी एकजण खोटा पडणार. रोज ती पडायची.

प्राध्यापक म्हणतात, हा भाषेचा दोष नाही, माझ्या अकलेचा आहे. असेल. पण अक्कल सगळ्यांना सारखी वाटलेली नसते, म्हणून तर माणसं भाषेत एखादा ए जास्तीचा ठेवतात.

परवा संध्याकाळी आईने पदर सारखा केला तेव्हा मी पासबुक बाजूला ठेवून विचारलं, "घरी काय काय आहे गं?" ती बोलत राहिली. दूधवाल्याला उद्यापासून अर्धा लिटर कमी सांगायचंय. परसातली जास्वंद कुणी तोडून नेते. कृष्णेला पाणी आलं की पायऱ्या मोजायच्या, म्हणजे कळतं. पाऊण तास गेला. मग घड्याळाकडे पाहून मला म्हणाली, "बराच उशीर झाला रे. तू आता तुझ्या घरी जा. बायको वाट बघत असेल."

बायको स्वयंपाकघरात कुकर लावत होती. मी उठलो, आईला नमस्कार केला, चपला घातल्या आणि जिन्यात जाऊन उभा राहिलो. पाच मिनिटांनी परत यायचं ठरवलं होतं. तेवढ्यात प्राध्यापक भाजीची पिशवी घेऊन आले.

"काय बँकवाले, बाहेर?"

मी काहीच बोललो नाही. ते दोन पायऱ्या वर चढले, थांबले, आणि वळून त्यांनी स्वतःच विचारलं, "म्हणजे, जाताय की आलाय?"