बाटलीवरची तारीख

परवा आमच्या लॅबमध्ये एक मुलगी अगदी रडकुंडीला आली होती. रोज डोंबिवलीहून लोकलमध्ये लोंबकळत ठाण्याला येते. तीन आठवडे एकाच प्रथिनाच्या मागे होती, आणि जेलवर दरवेळी स्वच्छ पट्ट्याऐवजी नुसता पसरलेला डाग. "सर, माझ्याच हातून काहीतरी चुकतंय."

तिची बफरची बाटली बघितली. वर लिहिलेलं, 'बफर + पीएमएसएफ'. तारीख नाही. कोणी बनवलं? माहीत नाही. "फ्रीजमध्ये होतं, सगळे तेच वापरतात."

पेशी फोडली की आत कप्प्यांत बंद असलेली प्रोटीएज एन्झाइम्स मोकळी सुटतात आणि समोर येईल ते प्रथिन कातरत जातात. बर्फाबाहेर राहिलेल्या मासळीचं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहेच. म्हणून सगळं बर्फावर करायचं आणि प्रोटीएज इनहिबिटर घालायचे. पण पीएमएसएफ पाण्यात टिकत नाही. २५ अंशांना, पीएच ७ असेल तर साधारण ११० मिनिटांत ते निम्मं होतं, पीएच ८ ला ३५ मिनिटांत. थंडीत थोडं जास्त टिकतं, इतकंच. म्हणजे त्या बाटलीत इनहिबिटरचं फक्त नाव उरलं होतं! ते आयसोप्रोपॅनॉलमध्ये विरघळवून ठेवायचं आणि पेशी फोडायच्या वेळीच बफरमध्ये घालायचं. शिवाय ते सगळ्या प्रोटीएजना आवरत नाही. धातूवर चालणाऱ्यांसाठी ईडीटीए लागतं, आणि पुढे निकेलचा कॉलम असेल तर तेच ईडीटीए त्यातलं निकेल ओढून नेतं.

दुसरी गोष्ट जिवाची. पीएमएसएफ विषारी आहे. काही कीटकनाशकं आपल्या मज्जासंस्थेतल्या ज्या एन्झाइमवर घाव घालतात, त्याच एन्झाइमवर हेही घालतं. आम्ही शिकत असताना ही पावडर उघड्या हातांनी तोलायचो आणि उरलेलं बेसिनमध्ये ओतायचो. कोणी हटकलं नाही. डोंबिवली एमआयडीसीतले २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ चे स्फोट आपण विसरलेलो नाही. रसायनांच्या हलगर्जीपणावर तेव्हा सगळेच बोललो. लॅबमधल्या हलगर्जीपणाचा मात्र आवाज होत नाही, त्यामुळे तो वर्षानुवर्षं खपतो.

'गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस' म्हटलं की लोक म्हणतात, ते औषध कंपन्यांचं, आपलं साधं कॉलेज. नियमांची अधिकृत तपासणी कॉलेजांत होत नाही, हे खरंच. त्यासाठी २००२ साली राष्ट्रीय यंत्रणा उभी राहिली, आणि भारतातल्या प्रमाणित लॅबमधली माहिती २०११ पासून ओईसीडी देशांत ग्राह्य धरली जाते. पण त्या नियमांतला एक अगदी साधा आहे. प्रत्येक द्रावणावर नाव, तीव्रता, मुदत आणि कसं ठेवायचं ते लिहा. याला अनुदान लागत नाही, एक मार्कर पेन पुरतं. ते न लिहिण्याची किंमत मात्र सगळ्यात कोवळं पोर मोजतं, स्वतःलाच नालायक समजून.

दुसऱ्या दिवशी तिने हातमोजे घालून, फ्यूम हूडमध्ये नवं द्रावण केलं. लेबल लिहिलं. पट्टा आला. दरवेळी येईलच असं नाही, पण नाही आला तर निदान कारण शोधता येईल.

असो. तुमच्या फ्रीजमधल्या बाटल्या आज एकदा बघाच.