आकडा सांगा, यादीही दाखवा

मे 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टने 'फॉर्च्युन' मासिकाला सांगितलं, की लिनक्स आणि इतर मुक्त सॉफ्टवेअर आमच्या 235 पेटंटांचा भंग करतं. त्यातली 42 लिनक्सच्या गाभ्याची, 65 पडद्यावरच्या खिडक्या-मेनूंची, एवढा हिशेब दिला. यादी मात्र दिली नाही. आमचा आक्षेप इथेच आहे. हक्क नेमका कशावर, हे कळलं तर तेवढा भाग बदलता येतो. यादी झाकून ठेवली की उरतो नुसता धाक, आणि विंडोज सोडू पाहणारं ऑफिस पाऊल मागे घेतं.

2009 मध्ये लिनक्स वापरणाऱ्या टॉमटॉम या डच कंपनीवर खटला भरला, तेव्हा काही पेटंटं उजेडात आली. त्यांत फाइलच्या नावांचंही होतं. जुन्या डॉसमध्ये फाइलचं नाव आठ अक्षरं आणि पुढे तीन, एवढ्यात बसवावं लागे. विंडोज 95 ने लांब नाव दिलं आणि जुन्या प्रोग्रामसाठी तोकडंही सोबत ठेवलं. युक्ती चांगलीच, पण तिच्यावर मक्तेदारी देणं आम्हाला मान्य नाही. टॉमटॉमने पुढच्याच महिन्यात तडजोड केली. लिनक्सपुरती ही तलवार म्यान व्हायला 2018 उजाडलं; त्या वर्षी मायक्रोसॉफ्ट, लिनक्ससाठी पेटंटं आपसांत खुली ठेवणाऱ्या ओपन इन्व्हेन्शन नेटवर्क या गटात सामील झाली.

भारतात मात्र पेटंट कायद्याचं कलम 3(के) निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट नाकारतं. डिसेंबर 2004 च्या वटहुकुमाने ते सैल केलं होतं. 2005 मध्ये संसदेने ती सवलत वगळली. हार्डवेअरची जोड दाखवून अर्ज आजही होतात. पेटंट कार्यालयाने हे कलम काटेकोरपणे लावावं, अशी आमची मागणी आहे.